पुकारेवाल्याची वाजवी शिक्षा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, ती पायरी रोज चढायचे आणि त्याचा पगारही घ्यायचे. ते कोर्टात पुकारेवाले होते. खटल्याची वेळ झाली की दाराबाहेर यायचं, माणसाच्या नावानं तीनदा ओरडायचं आणि तो आला की त्याला आत ढकलायचं, एवढंच काम. त्यासाठी त्यांना गणवेश होता, कमरेला पितळी बिल्ल्याचा रुंद पट्टा होता आणि चेहऱ्यावर न्यायाधीशापेक्षा थोडा जास्तच रुबाब होता. डोक्यावर दाट केस होते तेव्हा ते नोकरीला लागले आणि टक्कल पडलं तरी तिथंच होते.

आवाज मात्र होता, हे मी मेव्हणी असूनही मान्य करते. त्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याखाली तोंड लपवून बसलेला साक्षीदारसुद्धा पुकारा ऐकून उठून उभा राहायचा. घरीही तोच आवाज. दाजींनी न्हाणीघरातून टॉवेल मागितला की खालच्या मजल्यावरच्या बाई आपल्या दोरीवरचा टॉवेल काढायला धावायच्या. सगळी इमारत त्या आवाजाला कंटाळली होती. ताई तेवढी कंटाळली नव्हती, कारण तिला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

लग्नानंतर दोनेक वर्षांत ताईला मोठा ताप आला आणि तेव्हापासून तिचे कान हळूहळू जात राहिले. दाजी आणि आम्ही बहिणी सोडल्या तर तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. डॉक्टरकडेही गेली नाही; गेलं तर बहिरी ठरू, न गेलं तर नाही, असा तिचा सरळ हिशेब. कुणी काही बोललं की ती गोड हसायची आणि ‘हो’ म्हणायची. माणसांना बहुतेक वेळा समोरच्याकडून एवढंच हवं असतं. त्यामुळे सगळ्या नात्यात ताई फार समजूतदार बाई म्हणून प्रसिद्ध झाली. भांडण झालं की दोन्ही बाजू तिच्याकडे गाऱ्हाणं घेऊन यायच्या आणि दोघींनाही वाटायचं की ताई आपल्याच बाजूची आहे.

घरात ती दोघंच, मूलबाळ नाही. दाजी कामावरून आले की ताई हातातलं टाकून त्यांच्यासमोर येऊन बसायची, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. मग दाजी दिवसभराच्या बातम्या द्यायचे. कोण सुटला, कोण अडकला, कुठल्या वकिलाचा कोट उसवला, सगळं. आम्हा बाकीच्या बहिणींना तिचं ते एकटक बघत बसणं जरा जास्तच वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या तोंडाकडे असं कोण बघत बसतं? पण तिला जग कळायचं ते त्या एका माणसाच्या तोंडून, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून आम्ही गप्प बसायचो.

आता दाजींच्या विद्वत्तेबद्दल. कायद्याचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं, पण व्हरांड्यात त्यांचा सल्ला वकिलांच्या आधी मिळायचा आणि लोक तो घ्यायचे. सल्ला एकच होता. “कबूल करून टाका. साहेबांचा वेळ वाचवा, साहेब तुमची वर्षं वाचवतील. जेवायच्या आत घरी जाल.” सायकलला दिवा नव्हता, कुणाच्या कुंपणावरून भांडण झालं, कुणी भर रस्त्यात शिव्या दिल्या, असल्या लोकांचं त्यानं खरंच भलं झालं. साहेबांचा चहा होण्याआधी कबूल करायचं की नंतर, हेसुद्धा दाजी सांगायचे. नंतर, अर्थात.

अशा या विद्वानाच्या ताब्यात मुद्देमालाच्या खोलीची किल्ली होती. खटल्यात जप्त केलेल्या वस्तू निकाल लागेपर्यंत त्या खोलीत ठेवतात. निकाल लागायला वर्षं जातात आणि वस्तू तोवर न्यायाची वाट बघत गंजतात. तिथं एक शिलाई मशीन आलं होतं. एका विधवा शिंपिणीचं आणि तिच्या दिराचं त्यावरून भांडण होतं. दीर म्हणत होता मशीन भावाचं, म्हणजे आता माझं. दिराला टाका घालता येत नव्हता, पण कायद्यानं त्याला हक्क सांगता येत होता, आणि मशीन जप्त झालं होतं. शिंपीण दर तारखेला यायची, व्हरांड्यात बसायची आणि आपले रिकामे हात बघत राहायची.

दाजींनी काय करावं? एका तारखेला संध्याकाळी त्यांनी मशीन कापडात गुंडाळलं आणि तिच्याकडे पोचवलं. म्हणाले, “पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी परत आणून द्यायचं. तारीख लांबली तर तुमचं नशीब चांगलं.” आणि तारखा काय, लांबतातच. असं ते मशीन न्यायदेवतेच्या घरून शिंपिणीच्या घरी सुखानं ये-जा करत राहिलं. खोलीतल्या बाकीच्या वस्तूंवर गंज चढत होता आणि हा एक पुरावा दर तारखेला आणखी चकाकत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुराव्याकडे बघायची कोर्टात फारशी पद्धत नसावी.

मग एकदा नवीन न्यायाधीश आले. तरुण, तडफदार, नाकासमोर चालणारे. त्यांनी मशीन समोर आणायला सांगितलं. दाजींनी मोठ्या अदबीनं कापड दूर केलं, तर सुईखाली एका लहान मुलीचा झगा, अर्धी बाही शिवलेली, दोरा अजून ओवलेला. शिंपिणीनं घाईघाईत मशीन परत केलं होतं. कोर्टात शांतता पसरली, पुकारा न करता. न्यायाधीशांनी विचारलं, हा झगा कुठल्या पक्षकाराचा? आणि आमचे दाजी, ज्यांना निदान त्या दिवशी तरी ‘मला काय ठाऊक’ म्हणता आलं असतं, म्हणाले, “साहेब, तो उद्या द्यायचा होता.”

मुद्देमालाचा अपहार, विश्वासघात आणि आणखी एक लांब नावाचं कलम लागलं. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, वकील करा. दाजी आमच्यावरच हसले. इतकी वर्षं ज्या औषधानं लोकांना बरं केलं तेच स्वतः घ्यायचं नाही, तर मग वैद्यकी कसली? खटल्याच्या दिवशी त्यांच्या जागी आणलेल्या पुकारेवाल्याचा आवाज व्हरांड्याच्या अर्ध्यातही पोचेना. दाजींना ते सहन झालं नाही. त्यांनी त्याला बाजूला केलं, स्वतःच्या नावाचा तीनदा कडकडीत पुकारा केला आणि स्वतःच आत जाऊन आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. चहा झाला होता, याची खात्री त्यांनी आधीच केली होती.

“गुन्हा कबूल आहे?”

“आहे, साहेब.”

“सगळी कलमं?”

“सगळी, साहेब.”

तडफदार साहेबांनी निकालपत्रात दाजींच्या प्रामाणिक कबुलीची एक पूर्ण परिच्छेदभर स्तुती केली. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे वगैरे. मग म्हणाले, पण कुंपणानंच शेत खाल्लं तर समाजापुढे उदाहरण ठेवावं लागतं, आणि तीन वर्षं सक्तमजुरी दिली. दाजी जेवायच्या आत घरी आलेच नाहीत. त्यांचा डबा शिपायांनी मला परत आणून दिला, न उघडलेला.

मी ताईला सांगायला गेले. तीन बोटं दाखवली. तिला वाटलं तीन दिवस. ती हसून ‘हो’ म्हणाली. मी पाटीवर लिहिलं, वर्षं. तेव्हापासून तिनं कुणाकडे बघणंच सोडलं. महिनाभर दाजी आत होते. त्या महिन्यात मी माझं पडद्यांचं दुकान अर्धवेळ बंद ठेवून तिच्याकडे राहिले. घसा फाटेपर्यंत ओरडले, खाणाखुणा केल्या, पाट्या लिहिल्या. ती सगळ्याला ‘हो’ म्हणायची. जेवलीस का? हो. नाही जेवलीस? हो. मला तिचा राग यायचा आणि मग रागाची लाज वाटायची. तीन वर्षं हे असं चाललं तर ही बाई ‘हो’ म्हणत म्हणत संपेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मीच वकीलबाई शोधल्या. बुटक्या, चिडक्या आणि हुशार. माझ्याशी लगेच जमलं. आधी त्यांनी दाजींना जामिनावर बाहेर काढलं, मग आम्हाला समोर बसवून अपिलाचं समजावलं.

“एक लक्षात घ्या. कबुली दिलीये. आता गुन्हा केला नाही असं म्हणता येणार नाही. फक्त शिक्षा वाजवी आहे की नाही, एवढंच बोलता येईल.”

“म्हणजे चोर आहेत हे मान्य,” मी म्हटलं, “किती चोर आहेत एवढंच मोजायचं.”

“बरोबर. तर मला सांगा, ह्यांना तीन वर्षं आत ठेवलं तर कुणाचं काय बिघडेल?”

दाजींनी ताईकडे बोट केलं. म्हणाले, “हिचं.” आणि मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात, ताईच्या कानांची गोष्ट सांगितली. माझ्या आवाजाशिवाय तिला कुणाचाच आवाज पोचत नाही, म्हणाले. ताई शेजारीच बसली होती आणि वकीलबाईंच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होती. ऐकू न येणाऱ्या माणसाबद्दल त्याच्यासमोरच बोलायची फार सोय असते. तिचं गुपित भर कोर्टात निघणार आहे, हे तिला सांगावं असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

वरचं कोर्ट खरोखरच वर होतं, त्याच इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर. अपिलाचे न्यायाधीश वयस्कर होते आणि स्वतःशीच बोलल्यासारखे पुटपुटत. मागच्या बाकांवर कुणालाच काही कळत नव्हतं. त्या दिवशी ताई आणि बाकीची जनता एका पातळीवर आली होती.

वकीलबाई छान बोलल्या. वस्तू हरवली नाही, उलट तेलपाणी होऊन परत आली. आरोपीनं स्वतःसाठी एक टाकाही घालून घेतला नाही. सरकारी वकील उठले. ते फार सभ्य गृहस्थ होते, माणसाला खड्ड्यात ढकलतानाही आधी ‘क्षमस्व’ म्हणणारे. म्हणाले, क्षमस्व, पण आज मशीन गेलं, उद्या पिस्तूल जाईल. न्यायाधीशांनी मान डोलावली.

मग वकीलबाईंनी ताईचं सांगितलं. “शिक्षा आरोपीला झालीये साहेब, पण भोगणार या बाई. ह्यांच्या आवाजाशिवाय त्यांना जगात काही ऐकू येत नाही.”

“क्षमस्व,” सरकारी वकील म्हणाले, “डॉक्टरांचा काही दाखला?”

दाखला कुठून असणार? न्यायाधीशांनी ताईला पुढे बोलावलं. मी तिला कोपरानं ढकललं. ती नवी साडी सावरत उभी राहिली, सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून जरा लाजली.

“बाई,” न्यायाधीश पुटपुटले, “तुम्हाला ऐकू येतं का?”

ताई गोड हसली. “हो.”

वकीलबाईंनी डोळे मिटले. सरकारी वकिलांनी खुर्चीत पाठ टेकली.

“तुमच्या यजमानांना तीन वर्षं झालीयेत. ही शिक्षा तुम्हाला योग्य वाटते?”

“हो, हो.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि सगळ्यात आधी मला पोटात घ्यावं. अख्ख्या आयुष्यात ज्या एका शब्दावर तिनं अब्रू राखली, त्याच शब्दानं ती नवऱ्याला स्वतःच्या हातानं आत पाठवत होती. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

“बाई, आज तुम्ही इथे नदीतून पोहत आलात का?”

“हो,” ताई म्हणाली.

सगळं कोर्ट खदखदून हसलं. वकील हसले, कारकून हसले, दारातला पोलीससुद्धा हसला. आणि सगळे हसतायत म्हणून ताईही हसली, मान डोलावून, मनापासून. ते तिचं हसणं मला बघवेना.

“शांऽऽतता!”

पिंजऱ्यातून आवाज आला आणि खिडकीवरची कबुतरं उडाली. कारकुनाच्या हातातलं पेन पडलं. सरकारी वकील अर्धवट उठले होते ते पटकन बसले. न्यायाधीशांचाही हात सवयीनं हातोडीकडे गेला आणि तिथंच थांबला. आरोपीनं न्यायालयाला दटावल्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा. एकटी ताई तेवढी जागची हलली नाही. मला तिच्या धीराचं कौतुक वाटलं.

दाजी पिंजऱ्यात तिच्याकडे वळले. सगळे तिकडे बघतायत म्हणून तिनंही बघितलं. कठडा दोन्ही हातांनी धरला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “अगं, साहेब विचारतायत, तुला ऐकू येतं का. ‘हो’ म्हणू नकोस. खरं सांग.”

ताईचं हसू मावळलं. तिनं सगळ्यांकडे बघितलं आणि आत्ता आपल्यालाच हसत होते हे तिला कळलं. तिचा चेहरा असा पडला की मला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा संतापही आला.

“नाही,” ती म्हणाली. “मला ऐकू येत नाही.” मग थांबून, “यांचं तेवढं येतं. यांचं सगळं येतं.”

न्यायाधीश पुढे झुकले. “त्यांना विचारा, तुम्ही तीन वर्षं नसलात तर त्या काय करतील?”

आयुष्यभर दुसऱ्यांची नावं ओरडलेल्या माणसाला हे एक वाक्य ओरडता येईना. मग म्हणाले, “मी तीन वर्षं नसलो तर काय करशील?”

“माझ्याशी कोण बोलणार मग?” ताई म्हणाली.

कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी निकाल सांगितला आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो मागच्या बाकापर्यंत ऐकू आला. गुन्हा कायम. कबुली कायम. पण मशीन चालू ठेवल्याबद्दल तीन वर्षं ही शिक्षा वाजवी नाही. भोगली तेवढी पुरे. वर आज कोर्ट उठेपर्यंत आरोपीनं मागच्या बाकावर बसून राहायचं. “आणि बसल्या जागेवरून ओरडायचं नाही,” ते म्हणाले. सरकारी वकील ‘क्षमस्व’ म्हणायचंही विसरले.

दाजी कोर्ट उठेपर्यंत बाकावर शहाण्या मुलासारखे बसले. नोकरी अर्थातच गेली. पट्टा आणि बिल्ला जमा करावा लागला. शिंपिणीचा खटला अजून चालू आहे आणि मशीन खोलीत गंजतंय. न्याय एकदाचा सुरळीत झाला.

त्यानंतर पंधरवड्यानं मी त्यांच्याकडे गेले. दाजी पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते, रस्त्यावरची माणसं बघत. पुकारायला कुणी नसलं की इतका मोठा माणूस किती लहान दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी आत गेले. ताई दाराकडे पाठ करून भांडी घासत होती.

“अगं, ऐकलंस का? चहा टाक!” बाहेरून हाक आली.

ताई घासत राहिली. मला वाटलं, अजून रुसली असेल. भर कोर्टात बहिरेपण काढलं, बाई चार दिवस तरी फुगणारच. दाजींनी दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा तर पूर्ण पुकाराच झाला; फळीवरचे पेले वाजले आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी “काऽय हो?” म्हणून ओ दिली. ताईच्या हातातली घासणी आहे तशीच फिरत होती.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि कुजबुजली, “हाक मारतायत का?”

“ताई,” मी ओठ नीट हलवत विचारलं, “त्यांचंही?”

तिनं नळ बंद केला. “मशीनचं प्रकरण निघालं त्याच्या आधीपासून येत नाही.”

“आणि कोर्टात? सगळं येतं म्हणालीस, साहेबांसमोर!”

“समोर उभे होते ना. इतकी वर्षं त्या तोंडाकडे बघतेय, काय म्हणतायत ते कळतं मला.” तिनं पदराला हात पुसले आणि माझं मनगट घट्ट धरलं. “त्यांना सांगायचं नाही. कळलं? नोकरी गेली, पट्टा गेला. आता त्यांचा आवाज ऐकायला मी एकटीच उरलेय.”

आणि ती बाहेर गेली, त्यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि मला आतपर्यंत ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं त्यांच्यावर खेकसली, “ऐकलं हो! एवढं ओरडता कशाला?”